ऑपरेशन झालं, पण डोळा अजून शांत व्हायचाय

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी भवानी पेठेत राहते. माझी आई ५४ वर्षांची, घरीच मशीनवर शाळेच्या युनिफॉर्मचे शर्ट शिवते. गेली बारा-एक वर्षं तिचा उजवा डोळा अधूनमधून लाल व्हायचा, दुखायचा, उजेड सहन व्हायचा नाही. आम्ही डोळे आलेत समजून मेडिकलमधून थेंब आणायचो. पुढे डॉक्टरांनी युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराची सूज, आहे असं सांगितलं. डाव्या डोळ्यालाही दोनदा असा त्रास झालाय. मग उजव्यात मोतीबिंदू झाला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकल्यावर ऑपरेशन करून भिंग बसवलं. पहिले तीन आठवडे आई स्वतः सुईत दोरा ओवत होती. महिना उलटला आणि परत मधोमध धुरकट झालं. शिलाईची सरळ रेघ वाकडी दिसते म्हणते. डॉक्टर म्हणाले, मागच्या पडद्याला सूज आलीय. थेंब वाढवून दिले, इंजेक्शनही लागेल म्हणाले. माझ्या काकूचं त्याच महिन्यात शिबिरात ऑपरेशन झालं, तिला लख्ख दिसतंय. घरचे म्हणतात भिंग खराब बसलंय, काढून दुसरं टाका. आईने तर चांगलं दिसायला लागल्यावर थेंब मनानेच कमी केले होते, आणि आता पूर्ण बंद करते म्हणते, इतक्या थेंबांनीच डोळा बिघडला असं तिचं मत. तिची साखर बॉर्डरवर आहे. कंबरही सकाळी आखडते, पण ते मशीनवर बसून असेल. ऑपरेशन फसलं का? डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं की नको? शिवणकाम बंद करायला लावू का?

— एक लेक, सोलापूर

उत्तर

ताई, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. आईंना थेंब बंद करू देऊ नका. आजच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा आणि मधल्या काळात थेंब कमी झाले होते हे त्यांना स्पष्ट सांगा. किती कमी झाले, कधीपासून, तेही सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने पुष्कळ घरांत ही गोष्ट लपवली जाते. मग डॉक्टरांना वाटतं की पूर्ण औषध देऊनही सूज आली, आणि ते पुढच्या जास्त कडक औषधाचा विचार करू लागतात. खरी माहिती मिळाली तर कदाचित तेवढ्या कडक औषधाची गरजच पडणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही लिहिलंय त्यावरून ऑपरेशन फसलेलं दिसत नाही. उलट ते तीन आठवडे मला फार मोलाचे वाटतात. युव्हिआयटिसच्या डोळ्यात मोतीबिंदू काढताना आम्हाला सर्वांत मोठी धास्ती असते ती वेगळीच: मोतीबिंदूमागचा पडदा आणि डोळ्याची नस वर्षानुवर्षांच्या सुजेने आधीच खराब झाली असेल तर? मोतीबिंदू पिकलेला असला की मागचं नीट दिसतच नाही, त्यामुळे ऑपरेशनआधी याचं पक्कं उत्तर मिळत नाही. तुमच्या आईंनी तीन आठवडे सुईत दोरा ओवला, म्हणजे पडदा आणि नस काम करू शकतात हे त्यांनीच दाखवून दिलं. आता जे आलंय ते नंतर आलेलं आहे, आणि वेळेत उपचार झाले तर ते बहुतेक वेळा ओसरतं.

काकूंशी तुलना मात्र सोडून द्या. घरात, गल्लीत, बिडीच्या कारखान्यात, लूमवर, सगळीकडे मी हीच तुलना ऐकतो. शिबिरातली ऑपरेशनं चांगली होतात, त्यांनी आपल्या भागातल्या हजारो म्हाताऱ्या माणसांना दृष्टी दिलीय. पण काकूंचा डोळा वयाने मोतीबिंदू झालेला, एरवी निरोगी डोळा होता. त्यात ऑपरेशन हा शेवट असतो: धूसर भिंग निघालं, स्वच्छ भिंग बसलं, महिना-दीड महिना थेंब आणि झालं. तुमच्या आईंचा मोतीबिंदू वेगळ्या वाटेने आलाय. डोळ्याच्या आत पुनःपुन्हा आलेली सूज आणि ती शमवायला वापरलेलं स्टिरॉइड, या दोन्हींमुळे मोतीबिंदू होतो. तो बहुधा भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर धरतो, म्हणून उजेडात आणि जवळच्या कामात जास्त त्रास देतो. भिंग बदललं म्हणून मूळ आजार निघून जात नाही. तो डोळ्यातच असतो. ऑपरेशनची जखम त्याला परत डिवचते.

म्हणून अशा डोळ्यात ऑपरेशनचा दिवस निम्मंच काम करतो. उरलेलं काम पुढच्या साधारण तीन महिन्यांत होतं, आणि ते घरात होतं. या तीन महिन्यांत डोळ्यात काय काय बदलतं हे घरच्यांना कुणी नीट सांगितलं तर निम्मी घबराट कमी होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युव्हिया हा डोळ्याचा मधला थर. पुढे दिसणारा रंगीत पडदा, त्यामागचा स्नायूचा गोल पट्टा आणि मागे पसरलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं मिळून हा थर होतो. रक्तातल्या पेशी आणि प्रथिनं डोळ्याच्या आतल्या स्वच्छ पाण्यात उतरू नयेत यासाठी इथल्या आणि दृष्टिपटलातल्या, म्हणजे मागच्या पडद्यातल्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असाव्या लागतात. वारंवार सूज येऊन गेलेल्या डोळ्यात या भिंती ढिल्या झालेल्या असतात. वरून डोळा पांढरा, शांत दिसला तरी आत थोडी गळती चालूच असू शकते. स्लिट लॅम्पच्या बारीक झोतात डॉक्टर तेच बघत असतात: डोळ्यातल्या पाण्यात पेशी तरंगताहेत का, पाणी गढूळ आहे का.

पहिल्या काही दिवसांत निरोगी डोळ्यापेक्षा इथे सूज जास्त असते. कधी बाहुलीच्या भागात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसतात. ते घट्ट झालेलं प्रथिन असतं, जोरदार थेंबांनी विरघळतं. पारदर्शक बुबुळही थोडं सुजतं. म्हणूनच सुरुवातीला तासातासाला थेंब लिहून दिलेले असतात. सोबत बाहुली मोठी ठेवणारं औषध असलं तर त्याने जवळचं धूसर होतं आणि उजेड टोचतो. ते औषधाचं काम आहे, बिघाड नाही. बाहुली हलती ठेवली नाही तर तिची कड मागच्या भिंगाच्या पिशवीला चिकटते, आणि चिकटलेली बाहुली पुढे काचबिंदूचं कारण ठरू शकते.

दुसऱ्या आठवड्यापासून लाली उतरते, दुखणं थांबतं, दिसायला लागतं. धोक्याची जागा हीच आहे. चांगलं दिसतंय म्हणजे आतलं शांत झालं असं माणसाला साहजिकच वाटतं, आणि थेंब चारावरून दोनावर येतात. तुमच्या आईंनी हेच केलं. त्यांना बोल लावू नका. बरं वाटल्यावर औषध कमी करणं हा आपल्याकडचा सर्वसाधारण शहाणपणा आहे, आणि डोकेदुखीच्या गोळीला तो चालतोही. इथे चालत नाही. युव्हिआयटिसच्या डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब पायरी-पायरीने, बहुधा दीड ते तीन महिने, आत काय दिसतंय ते बघून उतरवायचे असतात. पायऱ्या गाळून खाली आलं की सूज उसळते.

त्यानंतर येते तुमच्या पत्रातली गोष्ट. दृष्टिपटलाच्या मधोमध मॅक्युला नावाची अगदी लहान जागा आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं तिच्यावर चालतं. ऑपरेशनमुळे डोळ्यात दाह वाढवणारी रसायनं सुटतात, ती मागपर्यंत पोचतात, आणि मॅक्युलाभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या माठासारख्या पाझरू लागतात. पाझरलेलं पाणी पडद्याच्या थरांत लहान लहान पोकळ्या करून साठतं. पडदा मधोमध फुगतो. म्हणून धुरकट दिसतं तेही बरोबर मध्यावर, कडेचं ठीक. म्हणूनच सरळ रेघ वाकते. ऑपरेशननंतर ही सूज बहुधा चौथ्या ते बाराव्या आठवड्यात डोकं वर काढते. निरोगी डोळ्यातही ती येऊ शकते, पण युव्हिआयटिसच्या डोळ्यात तिचं प्रमाण बरंच जास्त, आणि साखर असलेल्यांत अजून जास्त. तुमच्या आईंचं सगळं या वेळापत्रकात जसंच्या तसं बसतं.

डॉक्टरांनी ओसीटी नावाची तपासणी केली असेल. हनुवटी टेकवून एका दिव्याकडे बघायचं, सुई नाही, दुखत नाही. तिच्या कागदावर पडद्याचा उभा छेद दिसतो आणि मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, लिहिलेली असते. निरोगी डोळ्यात ती साधारण २५० ते २७० च्या आसपास असते, यंत्रागणिक थोडा फरक पडतो. सूज असली तर हाच आकडा ४००, ५०० च्या घरात जातो. ही फाइल जपून ठेवा. पुढच्या वेळी हीच तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करून आधीच्या आकड्याशी ताडून बघायला सांगा. सूज उतरतेय की नाही याचं उत्तर आईंच्या नजरेआधी या कागदावर मिळतं. आकडा खाली येत असेल आणि नजर अजून सुधारली नसेल तरी धीर धरा. पाणी ओसरल्यावर पेशींना सावरायला वेळ लागतो.

उपचार टप्प्याटप्प्याने होतात. आधी स्टिरॉइडचे थेंब आणि सोबत दाह कमी करणारे दुसऱ्या जातीचे, नेपाफिनॅकसारखे थेंब. त्याने भागलं नाही तर डोळ्याच्या बाजूला, डोळ्याच्या गोळ्यावरच्या आवरणाखाली स्टिरॉइडचं इंजेक्शन. त्यानेही नाही तर डोळ्याच्या आत इंजेक्शन किंवा हळूहळू विरघळणारी बारीक स्टिरॉइडची काडी. काहींना पोटातून गोळ्या. इंजेक्शनचं नाव ऐकून आई बिथरल्या असतील. थेंबांनी डोळा आधी बधिर करतात, मग क्षणभर दाब जाणवतो, इतकंच. माझा आग्रह एवढाच की महिनोन् महिने चालढकल करू नका. पडद्यात पाणी फार दिवस साचून राहिलं तर तिथल्या पेशी कायमच्या मरतात, आणि मग सूज उतरूनही नजर येत नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण थेंब बंद करण्याच्या विचाराला हेच खरं उत्तर आहे.

आता भिंगाबद्दल. घरच्यांचा संशय मला कळतो. आधी डोळ्यात नव्हती ती वस्तू आत घातली आणि मग त्रास सुरू झाला, तर बोट तिच्याकडेच जाणार. पण कृत्रिम भिंगाची कल्पनाच मुळी, डोळा काही वस्तू निमूट सहन करतो, या निरीक्षणातून निघाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या ॲक्रिलिकचे कण घुसत, आणि ते वर्षानुवर्षं डोळ्यात राहूनही फारसा दाह करत नसत. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी हे हेरलं आणि १९४९ साली सेंट थॉमस रुग्णालयात तशाच पदार्थाचं भिंग माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवलं. आज युव्हिआयटिसच्या रुग्णाला बहुधा त्याच कुळातलं, पण घडीचं मऊ ॲक्रिलिक भिंग मूळ भिंगाच्या पिशवीतच बसवतात, कारण तिथे ते रंगीत पडद्याला घासत नाही. भिंग जागेवर असेल तर पडद्याच्या सुजेसाठी ते काढून काहीच मिळत नाही. ते काढणं म्हणजे आणखी एक मोठं ऑपरेशन, आणि डिवचलेल्या डोळ्याला दुसऱ्यांदा डिवचणं. भिंग सरकलेलं असेल, रंगीत पडद्याला घासत असेल किंवा सूज कशानेच आटोक्यात येत नसेल, अशा मोजक्या वेळीच तो विचार होतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, भिंग पिशवीत नीट आहे ना. एका वाक्यात उत्तर मिळेल.

थेंबांनी डोळा बिघडला, या आईंच्या म्हणण्यात एक धागा मात्र खरा आहे, तो झटकून टाकू नका. स्टिरॉइडच्या थेंबांनी काही लोकांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं, बहुधा काही आठवडे वापरल्यावर. ते दुखत नाही, कळत नाही, आणि वाढलेलं राहिलं तर नस खराब करतं. म्हणून प्रत्येक भेटीत प्रेशर मोजलं गेलं का ते बघा आणि आकडा फाइलवर लिहून घ्या. वाढलं तरी थेंब एकदम तोडायचे नसतात. प्रेशर उतरवणारा दुसरा थेंब जोडतात किंवा स्टिरॉइड बदलतात. याच कारणाने स्टिरॉइडचे थेंब मेडिकलमधून स्वतःहून घेऊन कधीही सुरू करू नयेत. ‘डोळे आलेत’ म्हणून आणलेल्या अशा बाटल्यांनी काचबिंदू झालेले, नजर गेलेले रुग्ण मी आपल्याच जिल्ह्यात पाहिलेत, आणि ते बघून दरवेळी जीव तुटतो.

थेंब घालण्याची रीत तुम्हीच हातात घ्या. हात साबणाने धुवा. दुधाळ दिसणारी स्टिरॉइडची बाटली असेल तर आधी चांगली हलवा, औषध तळाला बसलेलं असतं आणि न हलवता घातलं तर नुसतं पाणी पडतं. एका वेळी एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर हलका दाबून ठेवा. दोन वेगवेगळ्या थेंबांत पाच-दहा मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा, महिन्याने नवी आणा. आणि आता आपला उन्हाळा तोंडावर आलाय. पत्र्याच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा गॅसजवळ बाटली तापते. घरातल्या सावलीच्या, थंडाव्याच्या जागी ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. कुठला थेंब किती वाजता, हे कॅलेंडरच्या पानावर लिहून मशीनसमोर चिकटवलं तर आईंना वेगळी आठवण करून द्यावी लागणार नाही.

शिवणकाम बंद करू नका. मशीनवर बसल्याने, बारीक बघितल्याने पडद्याची सूज वाढत नाही. काम तुटलं तर मिळकतही तुटते आणि माणूस खचतं. अंधूक दिसतं तोवर सुईजवळ बोट जपायला सांगा आणि डाव्या खांद्यामागून चांगला दिवा लावा. चष्मा मात्र आत्ता करून घेऊ नका. सूज उतरली की नंबर बदलेल आणि पैसे फुकट जातील. खाण्याच्या पथ्याचंही तुमच्या घरात चाललं असेलच. शेंगाचटणी, वांगं, आंबट, यातल्या कशानेही ही सूज येत नाही. खाऊ द्या. साखर मात्र सांभाळायला लावा: पोटातून स्टिरॉइड सुरू झालं तर बॉर्डरवरची साखर बॉर्डर ओलांडते. गोळ्यांआधी आणि गोळ्या चालू असताना तपासून घ्या, आणि गोळ्याही कधी एका झटक्यात थांबवू नका.

घरी एक साधी तपासणी करता येते. गणिताच्या चौकटीच्या वहीचं एक पान घ्या, मध्यावर पेनने ठळक ठिपका काढा. आईंनी डावा डोळा झाकून, जवळचा चष्मा असेल तर तो लावून, उजव्याने फक्त ठिपक्याकडे बघायचं. रेघा किती वाकतात, कुठला चौकोन पुसट होतो, ते त्यांनीच पेन्सिलीने दाखवायचं. आठवड्यातून दोनदा, तारीख टाकून. वाकलेला भाग वाढत गेला तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

काही गोष्टींना मात्र त्याच दिवशी जायचं, रात्र असली तरी. डोळा एकदम दुखायला लागून लाल झाला आणि नजर झपाट्याने उतरली, पू किंवा पांढरा थर दिसला, तर जंतुसंसर्गाची शक्यता असते आणि तिथे तास मोजावे लागतात. विजेसारखे झोत दिसले, काळे ठिपके अचानक खूप वाढले, एका बाजूने सावली सरकत आली, तर पडदा सुटतोय का ते पाहावं लागतं. डोकं आणि डोळा ठणकून उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, तर प्रेशर. अशा वेळी मेडिकलच्या काउंटरवर विचारत बसू नका.

पुढे काही महिन्यांनी परत धुरकट झालं तर ते वेगळं असू शकतं. भिंग ठेवलेल्या पिशवीची मागची भिंत हळूहळू पांढरी होते, लोक त्याला जाळं आलं म्हणतात. युव्हिआयटिसच्या डोळ्यात हे लवकर आणि जास्त होतं. त्यात सगळंच सारखं धूसर होतं, रेघा वाकत नाहीत. त्यावर याग लेसर असतो, काही मिनिटांचं काम. पण तोही डोळा काही महिने पूर्ण शांत असताना आणि थेंबांच्या संरक्षणाखालीच करायचा. घाई केली तर तीच पडद्याची सूज परत येते.

आता मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबायचंय. कंबर सकाळी आखडते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. आखडलेली कंबर थोडं हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते का? पहाटे दुखण्याने जाग येते का? तसं असेल तर ते मशीनवर बसण्याचं दुखणं नसेलही. मणक्याच्या सांध्यांचा एक आजार आहे, अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस, जो एचएलए-बी२७ या अनुवंशिक खुणेशी जोडलेला आहे. त्यात एका वेळी एकाच डोळ्याला असे लाल, दुखरे झटके येतात, कधी या तर कधी त्या. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो, आणि बायकांमध्ये बरेचदा उशिरा ओळखला जातो, कारण कंबरदुखी कामाच्या खात्यात टाकली जाते. आईंना तोच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण डोळ्याच्या डॉक्टरांना ही कंबर सांगा. आपल्याकडे युव्हिआयटिसमागे क्षयरोग, सार्कॉइड नावाचा दाहाचा आजार, नागिणीच्या जातीचे विषाणू अशी कारणंही असतात, आणि पुष्कळदा शोधूनही कारण सापडत नाही. तरी छातीचा एक्स-रे, क्षयासाठीची माँटूची चाचणी, रक्ततपासण्या झाल्यात का ते फाइलमध्ये बघा. कारण सापडलं तर उपचार बदलतो. विषाणू असेल तर स्टिरॉइडसोबत विषाणूचं औषध लागतं. क्षयाची शक्यता असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करण्याआधी ती मिटवावी लागते. आणि पुढे कधी अशाच औषधांपैकी मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते. तो वार घरातल्या दोघांना तरी पाठ असू द्या.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं, पण आत्ता नाही. उजव्याची सूज उतरू द्या. त्यानंतरही डाव्या डोळ्यात निदान सलग तीन महिने आतली सूज नसावी, हा नियम जगभर पाळला जातो, आणि तो पाळलेल्या डोळ्यांचे निकाल चांगले येतात. मोतीबिंदू तीन-चार महिने थांबल्याने सहसा काही बिघडत नाही, अस्वस्थ डोळ्यात चाकू घातल्याने मात्र बिघडतं. यावेळी आधीपासून तयारी करता येईल: ऑपरेशनच्या काही दिवस आधी स्टिरॉइडचे थेंब, गरज वाटली तर गोळ्याही सुरू करणं, टेबलावरच स्टिरॉइडचं इंजेक्शन देणं, आणि नंतर चार ते सहा आठवड्यांनी आईंची तक्रार असो वा नसो, ओसीटी काढणं. उजव्या डोळ्याला मॅक्युलाची सूज येऊन गेली, ही माहितीच डाव्यासाठी उपयोगाची आहे. ऑपरेशन दुसरीकडे करायचं ठरलं तर तिथल्या डॉक्टरांना हे पहिल्या भेटीतच सांगा.

दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर संकोच करू नका, तुमचे डॉक्टरही बहुधा स्वतःहून चिठ्ठी देतील. थेंब नीट घालूनही चार-सहा आठवड्यांत ओसीटीचा आकडा हलला नाही, किंवा सूज उतरून परत परत येत राहिली, तर युव्हिआयटिसच्या तज्ज्ञाला दाखवणं योग्यच. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. आपल्याकडचे बरेच जण हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत जातात, तिथे युव्हिआयटिसचा स्वतंत्र विभाग आहे. कुठेही जा, पण नुसतं चालू औषधाचं चिटोरं नेऊ नका. ऑपरेशनचा कागद, बसवलेल्या भिंगाचा स्टिकर, सगळे ओसीटी तारखेप्रमाणे, प्रेशरचे आकडे, जुन्या झटक्यांची नोंद, साखरेचे रिपोर्ट आणि चौकटीच्या वहीची पानं एका फाइलमध्ये लावा. सोबत आईंनी थेंब कधी आणि किती कमी केले तेही एका ओळीत लिहून ठेवा.